घर, शाळा आणि मकतब : अतिचंचल मुलाला तिघांनी मिळून सांभाळू या

शिरूर असो की दौंड, आपल्या घरातल्या मुलाचा दिवस साधारण सारखाच जातो. दिवसा शाळा, असर किंवा मगरिबनंतर मकतब, मग घर. तिन्ही ठिकाणी त्याच्याकडून एकच अपेक्षा असते. एका जागी बसावे, ऐकावे, लक्षात ठेवावे आणि सांगितले तसे करावे. बहुतेक मुलांना हे कमी-अधिक जमते. काही मुलांना मात्र ते तिन्ही ठिकाणी जमत नाही. मग शाळेतून निरोप येतो, ‘तुमचा मुलगा वर्गात टिकत नाही, पालकांनी येऊन भेटावे.’ मकतबचे हाफिज साहेब सांगतात, ‘सबक याद करत नाही आणि दुसऱ्यांनाही पढू देत नाही.’ घरात दादी म्हणते, ‘माँ के लाड से बिगड़ा है, हाथ से निकल गया.’ शेजारी सांगतात, नजर लागली असेल. आणि शेवटी कोणीतरी जवळचाच नातेवाईक सुचवतो, ‘दूरच्या मदरशात नाहीतर हॉस्टेलला टाका, आपोआप सुधरेल.’

ही सगळी माणसे मुलाचे वाईट चिंतणारी नसतात. पण ती एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येकाला मुलाच्या दिवसाचा आपापला तुकडा दिसतो आणि सगळ्या तक्रारी येऊन पडतात त्या आईच्या पदरात. आम्ही शिक्षक. उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषांमधून शिकणारी मुले आमच्या समोर बसतात आणि अशा आया आम्हाला दरवर्षी भेटतात. त्यांच्यासाठी, आणि त्यांना बोल लावणाऱ्यांसाठीही, हा लेख आहे.

खोड की आजार?

ज्या त्रासाबद्दल आम्ही बोलत आहोत त्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात. मराठीत सांगायचे तर लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि विचार न करता एकदम कृती करणे. प्रत्येक मूल कधी ना कधी असे वागते, म्हणून प्रत्येक खोडकर मुलाला हे नाव लावता येत नाही. डॉक्टर तीन गोष्टी मुख्यतः पाहतात. लक्षणे निदान सहा महिने सतत आहेत का? ती बारा वर्षांच्या आत सुरू झाली का? आणि ती एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतात का? ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. मूल फक्त शाळेत बिथरत असेल आणि घरी, मकतबमध्ये शांत असेल, तर आधी शाळेत काय घडते आहे ते शोधायला हवे. कोणी त्याला छळते का, फळा दिसत नाही का, शिकवण्याची भाषा कळत नाही का? फक्त घरीच त्रास देत असेल, तर घरातला ताण पाहायला हवा. तिन्हीकडे तेच असेल, तर तपासणीला उशीर करू नये.

जगभरच्या अभ्यासांत शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांमध्ये हा त्रास आढळतो. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एक-दोन मुले असणारच. ‘हे सगळे मोबाइलमुळे झाले’ असे आज सर्रास बोलले जाते. मोबाइलने झोप आणि अभ्यास बिघडतो हे खरेच आहे. पण लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन आपल्या व्याख्यानांत १९०२ साली केले होते. तेव्हा मोबाइल नव्हता आणि टीव्हीही नव्हता. गोड खाल्ल्याने मूल असे होते हाही समज तपासण्यांत टिकलेला नाही.

मग कारण काय? मोठा भाग आनुवंशिक आहे. मुलाचे अब्बू, मामू किंवा चाचा लहानपणी असेच होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले की अनेकदा कळते. थांबणे, वाट पाहणे, ठरवलेले आठवून करणे ही कामे मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतात. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी मुलांच्या मेंदूचे स्कॅन पुन्हा पुन्हा काढून तुलना केली. मेंदूच्या बाहेरच्या थराचा निम्मा भाग आपली पूर्ण जाडी कधी गाठतो, हे त्यांनी पाहिले. इतर मुलांमध्ये ते वय सरासरी ७.५ वर्षे होते, एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये १०.५ वर्षे. वाढीचा क्रम तोच होता, पण ती तीन वर्षे मागे होती. सर्वात जास्त उशीर पुढच्या भागात होता.

आई-वडिलांनी यातून एक साधी गोष्ट घ्यावी. आपला नऊ वर्षांचा मुलगा बुद्धीने नऊ वर्षांचाच आहे, कदाचित पुढेही असेल. पण संयमाच्या बाबतीत तो सहा-सात वर्षांचा आहे. सहा वर्षांच्या मुलाला आपण ‘तासभर गप्प बस’ म्हणत नाही. ‘दप्तर भर, डबा घे, बूट घाल आणि येताना दूध आण’ अशी चार कामे एका दमात सांगत नाही. मग या मुलालाही तसे सांगून उपयोग नाही.

मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे. अनेक मुली उड्या मारत नाहीत, वस्तू फेकत नाहीत. खिडकीबाहेर बघत बसतात, वही हरवतात, अर्धे लिहून सोडतात. त्यांची तक्रार कोणी करत नाही. ‘बावळट आहे, घरकामाला लावा’ म्हणून विषय मिटतो. अशी मुलगी आठवीपर्यंत मागे पडत जाते आणि मग तिची शाळा सुटते. मुलगी शांत आहे म्हणजे ठीक आहे, असे धरून चालू नये.

तपासणी कोठे आणि कशी?

पहिली पायरी गावातच आहे. आधी मुलाचे कान आणि डोळे तपासून घ्या. कमी ऐकू येणारे मूल ‘ऐकत नाही’ म्हणूनच मार खाते. रक्त कमी असणे, टॉन्सिल वाढल्याने रात्री घोरणे व झोप न होणे, काही सेकंद नुसते टक लावून थांबणाऱ्या फिटचा आजार, यांतही लक्ष लागत नाही. हे साधे बालरोगतज्ज्ञ पाहू शकतात.

सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टरांचे पथक वर्षातून एकदा तपासणीला येते, अंगणवाडीत दोनदा. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. वजन-उंची आणि दात पाहण्यापुरताच तो आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्याच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता या दोन्ही गोष्टी आहेत. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित उर्दू-मराठी शाळेत मूल असेल, तर पथक येण्याआधी वर्गशिक्षकांना सांगून ठेवा की याला नक्की दाखवा. पथक पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे चिठ्ठी देऊ शकते. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत हे पथक येत नाही. तिथल्या पालकांनी स्वतःच पुढे व्हायचे.

नक्की निदान बालमनोविकारतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ करतात. त्यासाठी आपल्याला बहुतेक वेळा पुण्याला जावे लागते. दौंडहून रेल्वेने पुणे स्टेशनला उतरले की ससून रुग्णालय चालत जाण्याइतके जवळ आहे आणि तिथे मनोविकार विभाग आहे. शिरूरहून नगर रस्त्याने एसटी आहे. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयातही मुलांच्या विकासाचा विभाग आहे. जायच्या आधी फोनवर बोलायचे असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिथे मराठीत बोलता येते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. एडीएचडी ओळखण्यासाठी रक्ताची किंवा स्कॅनची तपासणी नाही. डॉक्टर विचारतात, ऐकतात, पाहतात आणि प्रश्नावल्या भरून घेतात. त्यांतली एक घरच्यांसाठी असते आणि एक शिक्षकांसाठी. म्हणून पुण्याला जाताना शाळेच्या बाईंकडून आणि मकतबच्या हाफिज साहेबांकडून मुलाबद्दल चार-चार ओळी लिहून न्या. किती वेळ बसतो, केव्हा उठतो, कशाने चिडतो, कशात रमतो. एक रोजगार बुडवून, भाडे खर्चून गेलेली फेरी मग वाया जात नाही.

दम-दुआ आणि दवा

आपल्या घरांत मूल अस्वस्थ झाले की आधी दम करून घेतात. आई मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दुआ पढते, त्यात मुलाला मायेचा स्पर्श मिळतो आणि आईलाही धीर येतो. ते जरूर करावे. पण आपल्याला हेही शिकवले आहे की अल्लाहने आजार दिला तसा त्याचा इलाजही दिला आहे, आणि इलाज करणे ही प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचीच शिकवण आहे. दुआ आणि दवा यांत भांडण नाही. भांडण आहे ते ‘याच्यावर सावली आहे’ म्हणून आई-वडिलांना घाबरवून हजारो रुपये घेणाऱ्यांशी. त्या पैशांत पुण्याच्या कितीतरी फेऱ्या झाल्या असत्या. शिवाय जी वर्षे जातात ती परत येत नाहीत.

मारून काय साधते?

मार दिला की मूल थांबते, हे खरे आहे. पाच मिनिटे थांबते. म्हणूनच मोठ्यांना मार उपयोगी वाटतो. पण या मुलाला नियम माहीत नसतो असे नाही. विचारले तर तो तुम्हाला सगळे नियम बिनचूक सांगेल. अडचण असते ती ऐन वेळी तो नियम आठवून स्वतःला आवरण्याची. माराने ती ताकद येत नाही. येते ती भीती, खोटे बोलणे आणि ‘मी वाईटच आहे’ ही समजूत. मग ते मूल उलट बोलू लागते, लहान भावंडांना मारू लागते, घरातून निघून जाते. ज्याला आपण नाफरमानी म्हणतो त्यातली बरीचशी अशी पुढे तयार झालेली असते.

हजरत अनस (रजि.) यांनी लहान वयापासून दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. त्या दहा वर्षांत प्रेषितांनी त्यांना वैतागून साधे ‘उफ्’ही म्हटले नाही, की हे का केले, ते का केले नाही असे सुनावले नाही, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. नमाजमध्ये सजद्यात असताना नातू पाठीवर चढला, तेव्हा त्याचे खेळणे होईपर्यंत प्रेषितांनी सजदा लांबवला. मागे मूल रडताना ऐकू आले, तर त्याच्या आईला त्रास नको म्हणून नमाज थोडक्यात आटोपली. आपल्या मशिदीत मागच्या सफमध्ये हलणाऱ्या मुलाला दरडावून बाहेर काढताना हे प्रसंग आठवावेत.

कायदाही स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे याला बंदी आहे. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. ‘याला घेऊन जा, दुसरी शाळा बघा’ असे कोणी सांगितले, तर पालकांनी मान खाली घालून दाखला घेऊ नये. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा.

घरात काय करायचे?

पहिले काम, सूचना लहान करा. स्वयंपाकघरातून ओरडून सांगू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नजरेला नजर मिळू द्या आणि एकच गोष्ट सांगा. ती झाली की दुसरी. ‘नीट वाग’ ही सूचना नव्हे. ‘चपला दाराच्या डाव्या बाजूला ठेव’ ही सूचना आहे.

दुसरे काम, चांगले केलेले तिथल्या तिथे बोलून दाखवा. या मुलाच्या कानावर दिवसभर ‘नको, थांब, चूप’ एवढेच पडत असते. बहिणीला मारायला उचललेला हात त्याने खाली घेतला, तर लगेच म्हणा, ‘शाबास बेटा, तू स्वतःला आवरलेस.’ बक्षीसही त्याच दिवशी द्यायचे. ‘पास झालास तर सायकल’ हे त्याच्यासाठी फार लांबचे आहे. संध्याकाळी अब्बूंबरोबर मोटारसायकलवर एक फेरी, पंधरा मिनिटे जास्त क्रिकेट, आजची भाजी निवडायचा हक्क, एवढे पुरते.

तिसरे काम, रागाच्या झटक्याआधी काय झाले ते पाहा. आठवडाभर लिहून ठेवा. झटक्याआधी काय घडले, त्याने काय केले आणि नंतर त्याला काय मिळाले. बहुतेक घरांत एक ठरावीक वेळ आणि एक ठरावीक कारण सापडते. शाळेतून भुकेला आला आणि लगेच मकतबला धाडला, चालू खेळ एकदम बंद केला, पाहुण्यांसमोर त्याची तक्रार केली. कारण सापडले की अर्धे झटके आधीच टाळता येतात. खेळ संपायच्या दहा मिनिटे आधी आणि पुन्हा पाच मिनिटे आधी सांगा. मकतबला पाठवण्याआधी पोटभर खायला द्या आणि वीस मिनिटे पळू द्या.

झटका आलाच तर वाद घालू नका, त्या क्षणी नसीहत देऊ नका. आवाज खाली ठेवा, लहान भावंडांना बाजूला न्या आणि त्याला शांत व्हायला जागा द्या. तो रडून ओरडून जे मागत होता ते त्या वेळी मात्र देऊ नका. आईने नाही म्हटले आणि दादीने पदराआड दिले, तर मूल एवढेच शिकते की जास्त ओरडले की मिळते. म्हणून दादी-दादा, चाचा-चाची, सगळ्यांनी बसून दोन-तीन नियम ठरवावेत. दहा नको, दोन-तीनच. मोठ्या घरात माणसे जास्त असतात. सगळे एका बोलण्यावर राहिले, तर आईला मध्येच विसावा द्यायलाही कोणीतरी हाताशी असते.

आणखी एक सांगायला हवे ते जिवाच्या सुरक्षिततेचे. विचार न करता धावणाऱ्या या मुलांना अपघात जास्त होतात. दौंडला रेल्वेचे रूळ आहेत, शिरूरला महामार्ग आणि घोडनदी आहे. गावाकडे विहिरी आहेत आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. रस्ता ओलांडताना या मुलाचा हात, तो दहा वर्षांचा झाला तरी, सोडू नका. मकतबला जायचा रस्ता त्याच्याबरोबर चालून पाहा आणि लांबचा असला तरी सुरक्षित तोच ठरवा. पोहणे शिकवा, पण मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. औषधे, कीटकनाशके आणि गाडीची किल्ली उंचावर कुलपात ठेवा.

मकतबमध्ये

दिवसभर शाळेत स्वतःला आवरून थकलेले मूल संध्याकाळी हाफिज साहेबांसमोर येते. तिथे तीस-चाळीस मुले असतात, हे आम्ही जाणतो. तरीही काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. याला दाराजवळ किंवा खिडकीजवळ न बसवता आपल्या समोर बसवावे. त्याचा सबक आधी ऐकावा, अर्धा तास वाट पाहायला लावू नये. अर्ध्या पानाऐवजी तीन ओळींचा सबक दिवसातून दोनदा द्यावा. ओळीवर बोट ठेवून मोठ्याने पढू द्यावे. मध्ये उठायला काम द्यावे, जसे पाणी आणणे, कायदे वाटणे, चटया गुंडाळणे. बसून बसून मूल बंड करते, तेच काम मिळाले की जबाबदार होते. सबक मंद गतीने गेला तरी चालेल, पण मुलाच्या मनात कुरआनशी भीती जोडली जाऊ नये. ती एकदा बसली की मोठेपणीही जात नाही.

तिघांची एक वही

आता मुख्य मुद्दा. जे निदान घर आणि शाळा दोघांना विचारल्याशिवाय होत नाही, त्याचा सांभाळही दोघांनी मिळून केल्याशिवाय होत नाही. आणि आपल्याकडे तिसरे ठिकाण मकतब आहे. यासाठी एक छोटी वही पुरते. तिच्यात रोज तीन रकाने पाडायचे आणि प्रत्येक ठिकाणासाठी दोनच गोष्टी लिहायच्या. शाळेत : वही-पेन काढून ठेवले, उत्तर देण्याआधी हात वर केला. मकतबमध्ये : सबक ऐकेपर्यंत बसला, कोणाला ढकलले नाही. घरी : अभ्यासाला पहिल्या हाकेला आला, झोपायच्या वेळी मोबाइल परत दिला. झाले तर बरोबरची खूण, नाही झाले तर रकाना कोरा. वहीत तक्रार लिहायची नाही, हा पक्का नियम. संध्याकाळी खुणा मोजायच्या आणि ठरलेले बक्षीस द्यायचे. सुरुवात इतकी सोपी असावी की बहुतेक खुणा मिळतीलच. मग हळूहळू अवघड करायचे.

चौथीतला एक मुलगा आम्हाला आठवतो. वडिलांची नोकरी पाळ्यांची, घरात आई आणि दादी. त्याला दूरच्या निवासी मदरशात पाठवायचे जवळजवळ ठरले होते. आईला ते नको होते, पण तिचे ऐकायला कोणी तयार नव्हते. बाईंनी आणि हाफिज साहेबांनी वही चालवायचे मान्य केले, तेव्हा वडिलांनी एक सत्र थांबायचे कबूल केले. पहिल्या आठवड्यात वही दोनदा हरवली. तिसऱ्या आठवड्यापासून तो स्वतः खूण मागायला येऊ लागला. दरम्यान पुण्याला तपासणी झाली आणि उपचार सुरू झाले. तो काही एकदम शांत झाला नाही. अजूनही वर्गात बाकावर गुडघे टेकून बसतो. पण तो घरी आहे, पाचवीत गेला आहे आणि दादी आता शेजाऱ्यांना सांगते, ‘हमारे पोते का दिमाग़ तेज़ है, बस थोड़ा जल्दी में रहता है.’

दूर पाठवण्याबद्दल आमचे स्पष्ट मत आहे. निवासी मदरसा किंवा वसतिगृह हे शिकायचे ठिकाण आहे, इलाजाचे नव्हे. ज्या मुलाला चार सूचना लक्षात ठेवता येत नाहीत, त्याला अनोळखी ठिकाणी कडक शिस्तीत टाकले तर ते सर्वात जास्त शिक्षा खाणारे मूल ठरते आणि बहुधा पळून येते. आधी निदान, मग उपचार, मग हा विचार.

औषधाची भीती

सहा वर्षांखालच्या मुलांत वर सांगितलेली वागणुकीची पद्धत हाच पहिला उपचार असतो. त्याहून मोठ्या मुलांत त्रास जास्त असेल, तर डॉक्टर औषध सुचवतात. सर्वात जास्त अभ्यासलेले औषध मिथाइलफेनिडेट. त्यावर सरकारचे कडक नियंत्रण आहे, म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात नसते. ‘झोपेची गोळी आहे, मूल सुस्त होईल’ हा समज चुकीचा आहे. योग्य मात्रेत ते लक्ष टिकवायला मदत करते. भूक कमी होणे, झोप उशिरा लागणे हे त्रास होऊ शकतात, म्हणून वजन-उंची मोजत राहावी लागते. घरात कोणाला हृदयाचा आजार असेल तर तो आधी सांगावा. मात्रा आपल्या मनाने वाढवू नये, बंद करू नये. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नीट देखरेखीखालच्या औषधाने मूळ लक्षणे जास्त कमी झाली. चिडखोरपणा आणि आई-वडिलांशी संबंध यांत औषध व वागणूक-प्रशिक्षण दोन्ही मिळून फायदा दिसला. कॅप्सूलमधील जिलेटिनबद्दल मनात शंका असेल, तर गप्प राहून औषध फेकू नका. डॉक्टरांना विचारा, गोळीच्या रूपात काही आहे का.

रमजानमध्ये घराचे सगळे वेळापत्रक बदलते. सहरीला उठणे, तरावीहपर्यंत जागणे, यात या मुलाची झोप मोडते आणि त्रास वाढतो. नाबालिग मुलावर रोजा फर्ज नाही. भावंडांच्या ईर्षेने तो धरू म्हणाला तर कौतुक करा, अर्ध्या दिवसाचा चिमुकला रोजा करू द्या, पण झोप आणि औषधाची वेळ याबद्दल डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला.

शाळेकडून काय मागावे?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यांत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना वाचन, लेखन किंवा गणिताची अशी अडचणही असते. ‘तारे जमीन पर’ या २००७ च्या चित्रपटातील मुलाला होती ती हीच, वाचनाची अडचण. म्हणून तपासणीत तीही पाहायला सांगा. प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत सवलती मिळू शकतात. समग्र शिक्षा योजनेतून तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. त्यांना शाळेत बोलावण्याची विनंती मुख्याध्यापकांमार्फत करता येते. पहिल्या बाकावर जागा, गृहपाठाचे लहान तुकडे, फळा पुसायचे काम, एवढे तर शिक्षकाला कोणत्याही कागदाशिवाय देता येते.

अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याला लहानपणीच एडीएचडीचे निदान झाले होते. त्याची आई शिक्षिका. त्याने ऑलिंपिकमध्ये २८ पदके मिळवली, त्यांपैकी २३ सुवर्ण. आपल्या मुलाने पदक आणावे म्हणून आम्ही हे सांगत नाही. एका जागी न बसणाऱ्या मुलाला योग्य जागा मिळाली तर त्याची ऊर्जा कामी येते, एवढेच दाखवायचे आहे. आपल्या मुलाची जागा कदाचित गॅरेजमध्ये असेल, शेतात असेल, मैदानावर असेल किंवा प्रयोगशाळेत.

शेवटचा शब्द आईसाठी. बहन, तुमच्या लाडाने हे झालेले नाही आणि तुमच्या दुधात काही कमी नव्हते. एकटीने सगळे सोसणे म्हणजे सब्र नव्हे. मदत मागणे, विचारणे, इलाज शोधत राहणे हाही सब्रच आहे. आणि भाईंनो, पुढची पालक-सभा असेल तेव्हा एका पाळीची रजा काढा आणि तुम्हीही शाळेत या. येताना मकतबवरून या, हाफिज साहेबांनाही भेटा. मूल ही अल्लाहने आपल्या हाती दिलेली अमानत आहे. ती एकट्या आईच्या हाती दिलेली नाही. अल्लाह आपल्या सगळ्यांना ही अमानत मायेने सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.